जळिताच्या रानातला डबा

3 मे 2000 रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉनमध्ये बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत एक काळी बादली अर्धवट पुरली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. लपवलेला डबा अक्षांश-रेखांशांवरून शोधून काढण्याचा जिओकॅशिंगचा खेळ तिथून सुरू झाला. सप्टेंबर 2020 मध्ये त्याच क्लॅकमस परगण्यात रिव्हरसाइडच्या वणव्याने सुमारे 1,38,000 एकर रान खाल्ले. अशा आगीत प्लॅस्टिकच्या बादलीचे काय होईल हे सांगायला तज्ज्ञ नको. पॉलिथिन 130 अंश सेल्सिअसच्या आसपास पाघळते, खटक्याच्या डब्यांचे पॉलिप्रॉपिलिन 160च्या सुमाराला, आणि वणव्याची ज्वाळा सहज 800 अंशांवर जाते.

म्हणून मुरलेले खेळाडू जीव टाकतात तो अमेरिकी लष्कराच्या एम2ए1 या दारूगोळ्याच्या डब्यावर. 0.50 कॅलिबरच्या 100 गोळ्यांचा पट्टा मावावा एवढे त्याचे पोट. हिरवट रंग, पिवळी अक्षरे, दिसायला ठोकळा. पण त्याचे झाकण बघा. त्याची कड डब्याच्या काठावरून खाली उतरते आणि आतल्या खोबणीत कुकरच्या रिंगसारखी रबरी पट्टी बसलेली असते. पुढचा खटका दाबला की तरफ मध्यबिंदू ओलांडून पलीकडे झुकते आणि झाकण काठावर आवळून बसते. त्यानंतर ते आपणहून उघडत नाही. सांधे वेल्डचे आहेत, हेही नजरेतून सुटू नये. डाखाने जोडलेला डबा 200 अंशांच्या आगेमागेच सांध्यांतून सुटू लागेल. इथला पत्रा आणि सांधा दोन्ही पोलादाचे, आणि पोलाद वितळायला 1400 अंशांच्या वर जावे लागते.

हा डबा पाण्याविरुद्ध घडवलेला आहे, आगीविरुद्ध नव्हे. तरीही आगीत तो कसा वागतो ते पाहण्यासारखे आहे. आतली हवा तापली की दाब वाढतो. खोलीच्या तापमानापासून 300 अंशांपर्यंत जाताना तो जवळजवळ दुप्पट होतो. तोवर रबर मऊ पडून करपायला लागलेले असते, त्यामुळे हवेला वाट मिळते आणि पत्रा फुटत नाही. सर्वांत दुबळा भाग आधी हरतो आणि बाकीच्यांना वाचवतो. डबा घडवणाऱ्यांच्या मनात हे नसेलही, मला तरी त्यात कारागिरीच दिसते. फक्त आग विझल्यावर त्या डब्याला ‘वाचला’ म्हणताना जरा थांबावे: रबर गेले म्हणजे पहिल्या पावसाचे पाणी आत.

पण डब्याइतकीच दाद दडवणाऱ्याच्या नजरेलाही द्यायला हवी. सुक्या गवतातली ज्वाळा एका जागी मिनिटभरही रेंगाळत नाही. कुजका ओंडका मात्र तासन्‌तास धुमसतो. पोलादाला फरक पडत नाही, आतल्या कागदाला पडतो. नवशिके डबा लपवायला वर काटक्या रचतात. अनुभवी शोधक अशी संशयास्पद रास दुरूनच ओळखतात. वणव्याच्या दृष्टीने तर ती डब्यासाठी रचलेली चिताच. उलट, पालापाचोळा साचणार नाही अशा कपारीत सरकवलेला डबा पाहावा. तिथे जळायला काही नाही आणि दगड सावकाश तापतो. मातीचा चार बोटे थरही पुष्कळ उष्णता अडवतो, पण जमीनमालकाच्या परवानगीशिवाय खड्डा खणायला खेळात मनाई आहे. त्या बंधनात राहून जो योग्य कपार हेरतो, तो मला या खेळातला खरा कलावंत वाटतो.

जळालेला डबा वाचताही येतो. बुडाशी हिरवा रंग शाबूत आणि माथा उघडा पडून गंजलेला असेल, तर आग वरून झपकन गेली. एकच कूस सोललेली असेल, तर त्या बाजूला ओंडका धुमसत होता.

डबा सापडलेले खेळाडू जिच्यात सही करतात ती आतली वही कागदाची. मोकळ्या हवेत कागद 230 अंशांच्या आसपास पेट घेतो, पण बंद डब्यात प्राणवायू मोजकाच, त्यामुळे पाने भडकण्याऐवजी करपून कोळशासारखी काळी पडतात. कडा काळ्या आणि मध्य तपकिरी अशी वही निघाली तर मधल्या सह्या वाचता येण्याची आशा असते. वहीला पावसापासून जपणारी प्लॅस्टिकची पिशवी मात्र इथे उलटते. ती वितळून पानांनाच चिकटते. बॉलपेनचेही तेच. म्हणून आत पेन्सिलीचा तुकडा ठेवणाऱ्याला माझा खास सलाम. लाकडाचा कोळसा होईल, पण ग्राफाइट आणि चिकणमातीची ती कांडी कारखान्यातच हजारेक अंशांच्या भट्टीतून भाजून निघालेली असते. गुळगुळीत चालावी म्हणून तिच्यात मुरवलेले मेण तेवढे उडून जाईल. पुढच्या सहीला ती जराशी खरखरेल.