आकार जुळला, म्हणून उगम सापडला?

लोटे-परशुराम भागात बाण म्हटला की परशुरामाचाच आठवतो: त्याने बाण मारला, समुद्र हटला, कोकण झालं. त्या बाणाचं टोक अजून कुणी दाखवलेलं नाही. दुसरी मात्र येतात. गेल्या पावसाळ्यात लोट्यातल्या एका घराच्या माळ्यावरचं लोखंडी टोक माझ्याकडे आलं, सोबत उत्तरही तयार: "कातकऱ्यांचं, दोनशे वर्षांपूर्वीचं." मी एगर्टनचा ग्रंथ उघडला, चित्र जुळवलं आणि सेमिनारमध्ये "भिल्ल बनावट" असं ठोकून दिलं. चूक माझीच. पण ती होते कशी, ते बघा.

विल्ब्रॅहम एगर्टनचा भारतीय शस्त्रांवरचा सचित्र ग्रंथ १८८० सालचा, लंडनच्या इंडिया म्युझियममधल्या संग्रहावर बेतलेला. मांडणी प्रदेश आणि लोकसमूहांनुसार. सूची म्हणून तो आजही उपयोगी आहे, पण आपण तो ओळखपरेडसारखा वापरतो. जो समूह त्या संग्रहात आलाच नाही, तो मग तुमच्या उत्तरातही येत नाही. शिवाय चित्रात बाह्यरेखा दिसते. मागची दांडी गोल की चौकोनी, धार ठोकून आणली की कानशीने, हे त्यातून कसं कळणार?

मुळात "उगम" कशाचा विचारताय? लोखंडाचा, घडवणाऱ्याचा की मारणाऱ्याचा? अंदमानी लोक फुटलेल्या जहाजांचं लोखंड ठोकून टोकं करत. धातू परका, बाण त्यांचा. व्हेरिअर एल्विनच्या 'द अगरिया' (१९४२) या पुस्तकातले अगरिया लोखंड गाळायचे, ते वापरणारे मात्र दुसरेही असत. आणि एकच लोहार भिल्लालाही टोक घडवून देईल, शेजारच्या कोकण्यालाही. आकार लोहाराच्या हाताचा, नाव लागतं गिऱ्हाइकाचं.

गंजावरून वय सांगू नका, एवढं तर मानाच. आपल्या पावसात विळाही चार वर्षांत पुराणवस्तू दिसतो.

पुन्हा भिंगाखाली बघितलं तेव्हा माझ्या टोकाची जाडी सगळीकडे सारखी निघाली, कडेला कानशीच्या रेघा. म्हणजे बहुधा तयार पत्र्यातून कापलेलं. "दोनशे वर्षं" तिथेच डळमळली. "भिल्ल"ला तर चित्राखेरीज आधारच नव्हता. आता नोंदीत आहे: लोखंडी टोक, मागे दांडी, लोटे येथील घरातून, समूह अनिश्चित. गाइडनी फक्त एवढंच विचारलं, "कातकरवाडीत कुणाला दाखवलंस का?" वाडी त्या घरापासून वीस मिनिटांवर. मी लंडनचा संग्रह चाळून आलो होतो, तिथे गेलो नव्हतो.