२.०५ चा पीक कुणाचा? : सिल्व्हरस्टीन, पाविया आणि प्रोटॉन एनएमआर वाचणं

एम.एस्सी.ला असताना वर्गात माझी ओळख 'एनएमआर जमणारा' अशी होती. परीक्षेच्या आदल्या रात्री हॉस्टेलवरची मुलं प्रश्न घेऊन यायची आणि मी चहा संपायच्या आत रचना काढून द्यायचो. नेटमध्येही या भागात माझे मार्क गेले नाहीत. आणि तरी पीएचडीच्या पहिल्या वर्षी, एका साध्या एस्टर हायड्रोलिसिसच्या स्पेक्ट्रमने मला दोन आठवडे मूर्ख बनवलं.

हा लेख त्या दोन आठवड्यांबद्दल आहे, आणि ज्या दोन पुस्तकांवर आपण सगळे एनएमआर शिकतो त्यांच्याबद्दलही. एक सिल्व्हरस्टीनचं, दुसरं पाविया, लॅम्पमन आणि क्रिझ यांचं. दोन्ही आजही माझ्या टेबलवर आहेत. ही पुस्तकं फेकून द्या असं मी म्हणणार नाही. पण ती आपल्याला एक सवय लावतात आणि संशोधनाच्या पहिल्याच वर्षी ती सवय महागात पडते.

आधी घडलं काय ते सांगतो. पॅरा-अ‍ॅनिसाल्डिहाइडपासून मी इथाइल ४-मेथॉक्सिसिनॅमेट बनवलं होतं. आता त्याचं अ‍ॅसिड करायचं होतं. सोडियम हायड्रॉक्साइड, थोडी उष्णता, मग आम्ल घालून इथाइल अ‍ॅसिटेटने एक्स्ट्रॅक्शन. रोटाव्हॅपवर सॉल्व्हंट काढला आणि घाईघाईत ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये सॅम्पल दिलं. स्पेक्ट्रम उघडला तर १.२६ ला ट्रिप्लेट आणि ४.१२ ला क्वार्टेट. इथाइल गट! ३.८५ चा मेथॉक्सी सिंग्लेट ३ हायड्रोजनचा धरून इंटिग्रेशन केलं, तर क्वार्टेट ०.८ आला. पूर्ण एस्टरला २ यायला हवा, म्हणजे ४० टक्के एस्टर उरलंय. अ‍ॅसिडचा प्रोटॉन तक्त्याप्रमाणे १० ते १२ च्या दरम्यान दिसायला हवा होता, तोही दिसेना. निष्कर्ष झाला: रिअ‍ॅक्शन अपुरी.

मग बेस वाढवला, तापमान वाढवलं, रात्रभर ठेवून पाहिलं. तीनदा केलं. दर वेळी इथाइल हजर, फक्त प्रमाण थोडं इकडेतिकडे. टीएलसीवर एस्टरचा ठिपका पहिल्याच दिवशी गेला होता, पण मी म्हणालो, एनएमआरपुढे टीएलसी काय सांगणार.

शेवटी लॅबमधल्या सीनियरला दाखवलं. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. तिने स्पेक्ट्रम पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "अरे, २.०५ ला काय आहे?"

मी म्हणालो, "काही नाही ताई, असेल काहीतरी इम्प्युरिटी."

"इंटिग्रेशन केलंस?"

नव्हतं केलं. केलं तर १.२ आलं. ट्रिप्लेटही १.२ आणि क्वार्टेट ०.८. म्हणजे २:३:३. ते माझं एस्टर नव्हतंच, ते एक्स्ट्रॅक्शनचं इथाइल अ‍ॅसिटेट होतं. रिअ‍ॅक्शन पहिल्याच दिवशी पूर्ण झाली होती. मी दोन आठवडे नीट न सुकवलेल्या सॉल्व्हंटशी भांडत होतो.

हसू नका. हसलात तरी चालेल, पण आधी यातले चार पुरावे बघा, कारण चारही स्पेक्ट्रमवर पहिल्या दिवसापासून होते.

पहिला, २.०५ चा बिननावाचा सिंग्लेट. दुसरा, शिफ्ट. माझ्या एस्टरचा क्वार्टेट ४.२५ च्या आसपास येतो आणि ट्रिप्लेट १.३३ ला, तर इथाइल अ‍ॅसिटेटचे ४.१२ आणि १.२६. तिसरा, खरोखर ६०:४० मिश्रण असतं तर दुहेरी बंधावरच्या प्रोटॉनचे दोन संच दिसायला हवे होते. कार्बोनिलपासून लांबचा प्रोटॉन एस्टरमध्ये ७.६४ च्या आसपास असतो आणि अ‍ॅसिडमध्ये ७.७४ च्या आसपास. ४०० मेगाहर्ट्झवर हा फरक सहज वेगळा दिसतो. माझ्याकडे एकच संच होता. चौथा, न दिसणारा अ‍ॅसिडचा प्रोटॉन. तो अनेकदा इतका पसरट होतो की बेसलाइनमध्ये विरून जातो. त्याचं नसणं हा अ‍ॅसिड नसल्याचा पुरावा होत नाही.

म्हणजे माहिती पुरेशी होती आणि मला नियमही पाठ होते. मग चुकलं कुठे?

इथे पुस्तकांकडे येऊ. सिल्व्हरस्टीन आणि बॅसलर यांची पहिली आवृत्ती १९६३ ची. मास, आयआर आणि एनएमआर एकत्र ठेवून एका संयुगाची रचना काढायची, ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्यांच्या अंगवळणी पडली ती मोठ्या प्रमाणात या पुस्तकामुळे. २००५ च्या सातव्या आवृत्तीत शेवटची दोन प्रकरणं फक्त प्रश्नांची आहेत, एकात सोडवून दाखवलेले आणि दुसऱ्यात आपण सोडवायचे. पावियाचं पुस्तक जास्त मायाळू आहे. ते हायड्रोजनच्या कमतरतेचा निर्देशांक हातात देऊन सुरुवात करतं, कपलिंगचे झाडासारखे आराखडे शांतपणे काढून दाखवतं आणि एन+१ हा नियम कुठे मोडतो तेही सांगतं. एकट्याने अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला मी आजही आधी पावियाच देईन.

माझी तक्रार सिद्धांताच्या प्रकरणांबद्दल नाही, प्रश्नांबद्दल आहे. पावियामधला नेहमीचा प्रश्न आठवा. रेणुसूत्र दिलेलं, स्पेक्ट्रम स्वच्छ, इंटिग्रेशनचे आकडे पीकखाली लिहिलेले. यात एक गृहीत दडलेलं आहे: इथे दिसणारा प्रत्येक पीक एकाच रेणूचा आहे. लॅबमध्ये नेमकी हीच गोष्ट आधी सिद्ध करायची असते! अशुद्धींची माहिती अशा पुस्तकांत असली तर ती मागे परिशिष्टातल्या तक्त्यात असते. प्रश्नांमध्ये ती फारशी येत नाही आणि विद्यार्थी अभ्यास करतो तो प्रश्नांचा.

आपल्या परीक्षा तर याच्या पुढे जातात. ८ कार्बन, ८ हायड्रोजन, २ ऑक्सिजन; ३.८ (सिंग्लेट, ३ हायड्रोजन), ६.९ (डब्लेट, २), ७.८ (डब्लेट, २), ९.८ (सिंग्लेट, १). उत्तर पॅरा-अ‍ॅनिसाल्डिहाइड, वेळ अर्धा मिनिट. पण अमुक सिग्नल सिंग्लेट आहे, तो ३ हायड्रोजनचा आहे, तो याच रेणूचा आहे, हे सगळे निर्णय प्रश्न काढणाऱ्याने आधीच घेऊन टाकलेत. वाचन त्यांनी केलं, आपण फक्त जुळवाजुळव केली.

प्रत्यक्षात तोच स्पेक्ट्रम स्क्रीनवर मोठा करून बघा. ते दोन 'डब्लेट' खरे डब्लेट नसतातच. आतल्या बाजूला बारीक जास्तीच्या रेषा असतात आणि दोन्ही सिग्नल एकमेकांकडे छपरासारखे कललेले असतात. शेजारचे दोन प्रोटॉन रासायनिकदृष्ट्या सारखे असले तरी चुंबकीयदृष्ट्या सारखे नसतात, म्हणून असं होतं. सिल्व्हरस्टीनमध्ये हे व्यवस्थित समजावलेलं आहे. तरी पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थी घाबरतो आणि विचारतो, "सर, प्रॉडक्ट अशुद्ध आहे का?" म्हणजे खरी इम्प्युरिटी सोडून देतो आणि शुद्ध संयुगावर शंका घेतो. माझं वेगळं काय झालं होतं?

चित्रांचंही तसंच. ग्रंथालयातल्या जुन्या प्रतींमध्ये ६० मेगाहर्ट्झचे स्पेक्ट्रा भेटतात. कपलिंग हर्ट्झमध्ये तेवढंच राहतं, पीपीएममध्ये मात्र बदलतं. ७ हर्ट्झचं कपलिंग ६० मेगाहर्ट्झवर सुमारे ०.१२ पीपीएम जागा घेतं, ४०० वर ०.०१८ पेक्षाही कमी. पुस्तकातला क्वार्टेट हाताची बोटं पसरावीत तसा दिसतो, आपल्या मशीनवरचा एकाच जाड रेषेसारखा. मोठा करून, हर्ट्झमध्ये मोजल्याशिवाय तो क्वार्टेट आहे हे म्हणायचं नाही, ही शिस्त चित्रं बघून लागत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. नवशिक्याला आधी स्वच्छच उदाहरण द्यायला हवं, पहिल्याच दिवशी मिश्रण दिलं तर तो पळून जाईल. मान्य. सायकल शिकवताना कुणी आधी घाटात नेत नाही. पण सहाशे पानांनंतरही मैदानातच फिरवत ठेवलं तर घाट कधी येणार? दोन्ही पुस्तकांत शेवटचे प्रश्न अवघड होतात ते रेणू मोठा होतो म्हणून, पुरावा संशयास्पद होतो म्हणून नाही. संशोधनातली अडचण मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारची असते.

आणि ही फक्त नवख्यांची गोष्ट नाही. २००५ मध्ये निकोलाऊ आणि स्नायडर यांनी 'अंगेवांटे केमी'त एक मोठा आढावा लेख लिहिला, नैसर्गिक संयुगांच्या चुकीच्या ठरवल्या गेलेल्या रचनांवर. अनुभवी लोकांनी, उत्तम मशीन हाताशी असताना, प्रसिद्ध केलेल्या रचना पुढे कुणी तो रेणू बनवून पाहिला तेव्हा चुकीच्या निघाल्या. एखादी रचना स्पेक्ट्रमशी जुळते आणि तीच एक रचना जुळते, या दोन वाक्यांतलं अंतर त्या लेखात पानोपानी दिसतं. पीएचडीच्या मुलाखतीला जाण्याआधी तो जरूर वाचा.

तर मग याच पुस्तकांवर अभ्यास कसा करायचा? मी आता ज्युनियर्सना चार गोष्टी सांगतो.

एक, रेणुसूत्र कागदाने झाकून प्रश्न सोडवायला घ्या. निदान दहा मिनिटं तरी.

दोन, उत्तर आल्यावर थांबू नका. त्याच सूत्राच्या आणखी रचना लिहा आणि प्रत्येकीला कोणता पीक बाद करतो ते लिहा. वरच्याच सूत्रात मिथाइल बेंझोएट, फिनाइल अ‍ॅसिटेट, फिनाइल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, पॅरा-टोल्युइक अ‍ॅसिड, ४-हायड्रॉक्सिअ‍ॅसिटोफिनोन सगळे बसतात. ते लगेच बाद होतील. मग मेटा-अ‍ॅनिसाल्डिहाइड घ्या. तिथे फक्त अ‍ॅरोमॅटिक भागच निकाल देतो, आणि नेमका तोच भाग आपण 'मल्टिप्लेट' म्हणून उरकतो.

तीन, स्पेक्ट्रमची फाइल उघडण्याआधी वहीत दोन रकाने करा: सुरुवातीचा पदार्थ कुठे दिसेल, प्रॉडक्ट कुठे दिसेल. दोघांत फरक कुठे आहे, तिथे आधी बघा. मी हे केलं असतं तर ४.२५ आणि ४.१२ मधला फरक लगेच डोळ्यात भरला असता. 'ओ-सीएच-टू साधारण ४.१ ते ४.३' हा तक्ता अनोळखी संयुगासाठी ठीक आहे. ज्याचा स्वतःचा स्पेक्ट्रम आपल्याच ड्रॉवरमध्ये पडलाय, त्याच्यासाठी तक्ता कशाला?

चार, आपलं काय आहे ते शोधण्याआधी आपलं काय नाही ते खुणावून टाका. ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये उरलेला क्लोरोफॉर्म ७.२६, पाणी १.५६, डायक्लोरोमिथेन ५.३०, अ‍ॅसिटोन २.१७, ग्रीस १.२६ आणि ०.८६. गॉटलिब, कोत्ल्यार आणि न्यूडेलमन यांनी १९९७ मध्ये 'जर्नल ऑफ ऑर्गॅनिक केमिस्ट्री'त हा तक्ता दिला. २०१० मध्ये फुलमर आणि सहकाऱ्यांनी 'ऑर्गॅनोमेटॅलिक्स'मध्ये तो वाढवला. प्रिंट काढून मशीनशेजारी चिकटवा. सॉल्व्हंट बदलला की आकडे बदलतात, म्हणून योग्य रकाना वाचा.

या सगळ्यात नवीन रसायनशास्त्र काहीच नाही, लागते ती थोडी शंका घ्यायची सवय. आपण आधी निष्कर्ष काढतो आणि मग त्याला साथ देणारे पीक वेचतो. साथ न देणाऱ्याला 'इम्प्युरिटी' म्हणून बाजूला सारतो. पण इम्प्युरिटी म्हणजेही काहीतरी असतं. तिलाही शिफ्ट असते, इंटिग्रेशन असतं, नाव असतं.

ताईने त्या दिवशी मला नवा नियम शिकवला नाही. मी ज्या पीककडे बघायचं टाळलं होतं, त्याच्यावर तिने फक्त बोट ठेवलं. माझ्या सिल्व्हरस्टीनच्या पहिल्या पानावर आता पेन्सिलने '२.०५' लिहिलेलं आहे. तुमच्या पुढच्या स्पेक्ट्रममध्येही असा एक पीक असेल. त्याचं नाव लिहून झाल्याशिवाय रिअ‍ॅक्शन पुन्हा लावू नका.