बोलक्या भिंती कुणाशी बोलतात?

गेल्या जूनमध्ये मी माझ्या मावशीच्या वर्गात अकरा तक्ते चिकटवले. मावशी मराठवाड्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली-दुसरी तिच्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. बहुतेक मुलं शेजारच्या तांड्यावरची. मला आठवडाभर घरून काम होतं, तिला शाळा उघडायच्या आत वर्ग लावायचा होता, म्हणून गेलो. फोनमधलं लेव्हल दाखवणारं ॲप उघडून मी एकेक तक्ता अगदी सरळ रेषेत बसवला. मुळाक्षरं, बाराखडी, फळं, पक्षी, वाहनं, चांगल्या सवयी. फोटो काढला, स्टेटसला टाकला. भरपूर बदाम आले.

शाळा भरली त्या दिवशी पहिलीतली एक मुलगी त्या भिंतीसमोर उभी राहिली. मान मागे टाकून तिने वर पाहिलं. थोड्या वेळाने मान अवघडली असावी, ती खाली बसली आणि उंबऱ्याजवळच्या भेगेतून निघणाऱ्या मुंग्या बघू लागली.

मी तक्ते माझ्या डोळ्यांच्या उंचीवर लावले होते. सहा वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास असतात. माझी पहिली रांगच पाच फुटांवर सुरू होत होती. मी भिंत सजवली होती खरी, पण ती माझ्यासारख्यांनी बघावी म्हणून. त्या दिवसापासून मी शाळांच्या भिंती एखादं पुस्तक वाचावं तशा वाचायला लागलो. पुस्तकाला विचारतो तेच प्रश्न भिंतीला विचारता येतात. हे कोण लिहितंय? कुणासाठी? आणि वाचणाऱ्याला यात जागा कुठे आहे?

आपल्याकडे या प्रकाराला नाव आहे, ‘बोलक्या भिंती’. नाव सुंदर आहे आणि त्यामागचा विचारही. दिल्लीचे वास्तुरचनाकार कबीर वाजपेयी आणि त्यांच्या ‘विन्यास’ संस्थेने ‘बाला’ नावाची कल्पना मांडली. शाळेची इमारतच शिकण्याचं साधन व्हावी, ही ती कल्पना. दार उघडतं तिथे जमिनीवर कोन आखा, म्हणजे दार ढकललं की तीस, साठ, नव्वद अंश दिसतात. खिडकीच्या गजांना असा आकार द्या की बोट फिरवता फिरवता अक्षराचं वळण हाताला कळेल. पंख्याच्या पात्यांना रंग द्या, पंखा फिरला की रंग मिसळतात. या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. मूल काहीतरी करतं किंवा त्याच्यासमोर काहीतरी घडतं, तेव्हाच भिंत किंवा वस्तू ‘बोलते’.

महाराष्ट्रात हीच दिशा साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये दिसली. तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावाद वर्गात आणला. फरशीवर आखणी केली, मुलांना जमिनीवर बसून, सरकून, उड्या मारून शिकू दिलं. राज्यभरातून शिक्षक ते बघायला गेले. २२ जून २०१५ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला आणि रंगवलेल्या फरश्या गावोगाव पोचल्या. पुढे ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियान आलं, त्यात राज्यस्तरावर पहिलं बक्षीस ५१ लाखांचं. गळकं छप्पर आणि पोपडे धरलेल्या भिंती बघितलेल्या कुणालाही शाळा सुंदर व्हावी याबद्दल तक्रार असू शकत नाही. मलाही नाही.

पण एखादी गोष्ट पसरते तेव्हा आधी तिचं दिसणं पसरतं. तिचं काम मागून येतं, कधी येतच नाही. आमच्या धंद्यात याला डेमो म्हणतात. डेमोमध्ये सगळी बटणं असतात, रंग झकास असतात, फक्त आत काही जोडलेलं नसतं. क्लायंट खूश होतो, कारण तो ते वापरणार नसतो. कितीतरी बोलक्या भिंती अशा डेमोसारख्या आहेत. बाहेरच्या भिंतीवर रेल्वेचा डबा, आत छोटा भीम, कोपऱ्यात पृथ्वीचे थर, दारावर सुविचार. एकही इंच मोकळा नाही. फोटोत उत्तम दिसतं. तपासणीला येणारा, देणगी देणारा आणि रील बघणारा, या तिघांशी ती भिंत अगदी छान बोलते.

आता तिची भाषा बघा. बहुतेक वाक्यं आज्ञार्थी: हात धुवा, झाडे लावा, खरे बोला, शांतता राखा. पहिलीतल्या मुलाला ती वाचता येत नाहीत, आणि वाचता येईपर्यंत ती इतकी ओळखीची झालेली असतात की दिसेनाशी होतात. मग मुळाक्षरांचा तक्ता. मी चिकटवलेल्या तक्त्यावर ई ईडलिंबाचा होता आणि ऐ ऐरणीचा. ईडलिंबू मी स्वतः आजवर हातात धरलेलं नाही. अक्षराची ओळख ओळखीच्या वस्तूवरून करून द्यायची, हा तक्त्याचा हेतू. इथे दोन अनोळखी गोष्टी एकमेकींची ओळख करून देतात. आणि आ? आ आईचा. तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी बोलतं आणि आईला याडी म्हणतं. वर्गातली सगळ्यात सोपी समजली जाणारी पाटी त्याच्यासाठी परक्या भाषेतली आहे, आणि हे त्या भिंतीला माहीतच नाही.

भिंतीच्या उंचीचीही एक गोष्ट आहे. आपल्या बऱ्याच वर्गांत खालचे तीन-चार फूट ऑइलपेंटचा पट्टा असतो. कारण साधं आहे, मुलांच्या हातांचे डाग पुसता यावेत. तिथे काही चिकटवायचं नाही, रंग निघतो. म्हणजे मुलाचे हात आणि डोळे जिथे पोचतात नेमकी तीच जागा आपण ‘खराब होऊ नये’ म्हणून राखून ठेवली, आणि शिकायचं साहित्य त्याच्या वर नेऊन ठेवलं.

गच्च भरलेल्या भिंतींचा शिकण्यावर काय परिणाम होतो, हे मोजूनही बघितलं गेलंय. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात आना फिशर, कॅरी गॉडविन आणि हॉवर्ड सेल्टमन यांनी बालवाडीतल्या २४ मुलांना विज्ञानाचे सहा छोटे पाठ शिकवले. काही पाठ भरगच्च सजवलेल्या खोलीत, काही रिकाम्या भिंतींच्या खोलीत. २०१४ साली त्यांचा लेख आला. सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जवळपास ३९ टक्के वेळ दुसरीकडे होतं, साध्या खोलीत २८ टक्के. पाठानंतरच्या चाचणीत बरोबर उत्तरांचं प्रमाण अनुक्रमे ४२ आणि ५५ टक्के होतं.

हे आकडे वाचून मला सगळे तक्ते फाडावेसे वाटले. पण मुलं २४ होती, पाठ छोटे होते, आणि तुलना दोन टोकांची होती. इंग्लंडमधल्या सॅल्फर्ड विद्यापीठाच्या पीटर बॅरेट आणि सहकाऱ्यांचा अभ्यास जास्त मोठा आहे: २७ प्राथमिक शाळा, १५३ वर्ग, ३,७६६ मुलं. २०१५मध्ये त्यांनी मांडलं की मुलांच्या वर्षभराच्या प्रगतीतल्या फरकापैकी सुमारे १६ टक्के फरक वर्गखोलीच्या रचनेशी जोडता येतो. सजावटीबद्दल त्यांचं म्हणणं मधलं आहे. फार गजबजलेली खोली वाईट, अगदी कोरीही वाईट. आणि त्या १६ टक्क्यांतला जवळपास अर्धा वाटा उजेड, हवा, तापमान यांसारख्या गोष्टींचा. हे वाचल्यावर मला माझा ‘वाहनं’चा तक्ता आठवला. भिंत संपली म्हणून तो मी खिडकीच्या झडपेवर लावला होता. झडप त्यामुळे उघडत नव्हती.

हे सगळं मी मावशीला संध्याकाळी ओट्यावर बसून सांगितलं, फोनवर आलेख दाखवून. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“तुझं झालं?” ती म्हणाली. “आता माझं ऐक. माझ्याकडे दोन वर्ग. सर मीटिंगला गेले की चार. पहिलीला वाचून दाखवते तेव्हा दुसरीतली पोरं काय करतात? ती फरशीवरच्या संख्यासापावर उड्या मारतात. तो साप मी रंगवलाय, माझ्या पैशाने. त्या वेळी तो साप म्हणजे या वर्गातली दुसरी बाई असते. तुम्हाला भिंत म्हणजे सजावट वाटते रे, मला ती मदतनीस आहे.”

“अगं मावशी, पण तक्ते?”

“तक्ते लावावे लागतात. लावले नाहीत तर वर्गात काही चालत नाही असं दिसतं. शिकवलेलं फोटोत येत नाही, तक्ता येतो.”

तिच्या या दोन उत्तरांनी माझी टीका दुरुस्त केली. मी भिंतीला ‘सजवलेली की साधी’ या मापाने मोजत होतो. मावशीचं माप वेगळं आहे: बाईंची पाठ वळल्यावरही जे काम करतं ते ठेवायचं. साप ठेवायचा, कारण त्याच्यावर मूल उडी मारतं, चुकतं, दुसरं त्याला सांगतं. सुविचार काढला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. आणि तिचं दुसरं उत्तर मला जास्त लागलं. शिक्षकाच्या कामाचा पुरावा म्हणून आपण दिसणाऱ्या गोष्टीच मागत राहिलो, तर शिक्षक दिसणाऱ्या गोष्टीच पुरवेल. माझ्या स्टेटसवर बदाम टाकणाऱ्यांपैकी एकानेही विचारलं नव्हतं की तक्ते एवढे वर का आहेत.

हा प्रश्न मराठीला नवा नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, १९५७ला ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. माँटेसरीची साधनं महागडी, आणि आदिवासी पाड्यावरच्या मुलांना परकी. म्हणून त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे यांची साधनं केली. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. त्या अंगणात रंगवायला भिंतच नव्हती. पण तिथल्या साधनाला मुलाने आधीच हात लावलेला असे. साधन स्वस्त होतं म्हणून तो प्रयोग मोठा, असं मी म्हणणार नाही. त्यांनी मुलाच्या हातात आधीच जे होतं त्यापासून सुरुवात केली, म्हणून तो मोठा.

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो मावशीनेच घेतला. “नुसतं ओळखीचंच दाखवत राहिलं तर पोरांनी अननस कधी बघायचा?” बरोबर आहे. तांड्यावरच्या मुलाच्या भिंतीवर फक्त तांडा असावा, हा विचारही त्याला तिथेच बसवून ठेवणारा आहे. माझं अननसाशी भांडण नाही. अननस भिंतीवर राहू दे, पण शेजारी मुलाला स्वतःचं काही टांगायला जागा हवी. वर्ग जूनमध्ये शंभर टक्के भरून तयार असेल, तर मुलाला त्यात टाकायला काय उरतं? ते पाहुण्यासारखं येतं आणि पाहुण्यासारखं, कशाला हात न लावता, वर्षभर बसतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही अकरापैकी सहा तक्ते उतरवले. झडप उघडली. मुळाक्षरं आणि बाराखडी खाली आणली, थेट ऑइलपेंटवर. कोपरे फाटले, मावशीने परत चिकटवले. उरलेल्या भिंतीवर साडेतीन फुटांवर एक सुतळी बांधली आणि कपडे वाळत घालायचे वीस चिमटे लावले. बस. महिनाभर त्या सुतळीवर काहीच विशेष नव्हतं, रेघोट्या आणि सूर्य. मग मावशीने मुलांकडून त्यांचाच तक्ता करून घ्यायला सुरुवात केली. एक अक्षर, एक चित्र, ज्याला जे सुचेल ते. तिने मला फोटो पाठवला. क कोयत्याचा. ट ट्रॅक्टरचा. म मोळीचा. मुंग्या बघत बसलेल्या त्या मुलीने कोपी काढली होती, ऊसतोडीच्या फडाजवळ राहायला बांधतात ती, आणि दारात एक बाई. बाईच्या बाजूला तिने या लिहिलं होतं. या याडीचा.

कोयता तक्त्यावर ठेवावा का, यावर मावशी दोन दिवस विचार करत होती. शेवटी ठेवला. म्हणाली, “दिवाळीनंतर तो यांना दिसणारच आहे. इथे निदान त्याच्याखाली अक्षर आहे.”

दिवाळीनंतर पहिलीतली सात मुलं आईबापांबरोबर कारखान्याकडे गेली, ती मुलगीही. एरवी डिसेंबरात भिंती तशाच चकचकीत असतात आणि वर्ग अर्धा रिकामा झालाय हे त्यांच्यावरून कळत नाही. यंदा कळत होतं. सुतळीवर सात कागद तसेच लटकत होते, बाकीचे दर आठवड्याला बदलत होते. मावशीने ते उतरवले नाहीत. एप्रिलमध्ये मुलगी परत आली तेव्हा आधी सुतळीपाशी गेली, कोपीचा कागद आहे का बघितलं आणि मग जागेवर जाऊन बसली. चार महिन्यांत तिचं किती शिकायचं राहून गेलं ते कुठल्याच सुतळीने भरून निघणार नाही. पण वर्ग तिचा होता, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

या मे महिन्यात मावशीचा फोन आला, वर्ग लावायला येतोस का म्हणून. मी विचारलं, तक्ते किती आणू?

“तक्ते आहेत,” ती म्हणाली. “चिमटे आण. मागचे गंजले.”