सोवळे सुटले, पण गोष्ट अर्धीच

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे मराठी समीक्षेने पुष्कळ कौतुक केले. भाषा साधी, विनोद निर्मळ, निवेदन प्रांजळ. हे कौतुक खोटे नाही, पण सोयीचे आहे. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रात एका ब्राह्मण स्त्रीने अंगात मुरलेली जात कशी सोडली, याची नोंद आहे. तिच्यापाशी आपली पांढरपेशी समीक्षा फारशी थांबत नाही.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी सुमारे पाच वर्षांनंतर. मधल्या काळात त्या पतीकडे परत आल्या तरी सोवळे चालूच होते. पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. मीठ-साखरसुद्धा धुवून घेणाऱ्या वडिलांच्या घरात त्या वाढल्या होत्या. असल्या घरातली सवय नुसत्या मतांतराने जात नाही. ती हातात आणि घशात बसलेली असते. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. माणसाने केली, हे पटले तेव्हा कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचे ठरवले. आणि हे बाप्तिस्म्याच्या आधी! हा क्रमच महत्त्वाचा आहे. आधी जात गेली, मग श्रद्धेला जागा झाली.

चर्चमधल्या उपदेशात ‘जुन्या सवयी सोडा’ म्हटले की दारू, तंबाखू, शिवीगाळ यांची यादी येते. पण कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल जुना माणूस काढून टाकायला सांगतो आणि लगेच यहुदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र हा भेद उरत नाही, या निष्कर्षावर येतो. यादी वाचायची आणि निष्कर्षाआधी पुस्तक मिटायचे, याला श्रद्धेची वाढ कसे म्हणावे?

‘स्मृतिचित्रे’ची मर्यादाही सांगितली पाहिजे. पाणी पिणारीचे मन इथे दिसते. पाणी देणाऱ्याला त्या क्षणी काय वाटले, ते दिसत नाही. नगरकडे अमेरिकन मराठी मिशनमध्ये जे आले त्यांत बहुसंख्य महार-मांग होते. त्यांच्याजवळ सोडायला सोवळे कुठले? त्यांना सोडायची होती ती वाकण्याची सवय, जोहाराची सवय, आपण खालचेच ही आत रुतलेली समजूत. ब्राह्मणाचे जात सोडणे त्याग ठरते, त्याचे चरित्र होते. दलिताचे ताठ उभे राहणे मात्र उद्दामपणा ठरते. या दुसऱ्या मुक्तीची गोष्ट दलित ख्रिस्ती माणसानेच लिहिली पाहिजे.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी बांधल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत. हा अन्यायच आहे आणि त्याविरुद्धचा लढा न्याय्य आहे. परंतु सरकारदरबारी ‘धर्म बदलला तरी जात सुटत नाही’ म्हणणाऱ्या धर्मगुरूंनी आपल्या बाकांवर, लग्नांत आणि कबरस्तानात जात कुठे बसली आहे, तेही उघड बोलले पाहिजे.

हे आपण बोट दाखवण्यासाठी लिहीत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षेबरोबर बावीस प्रतिज्ञा दिल्या. जुने टाकल्याशिवाय नवे रुजत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तरीही सोयरीक जुळवताना आपल्यातही पोटजात हळूच विचारली जाते. म्हणूनच ‘स्मृतिचित्रे’ आपणही वाचावे, पण हसून मिटण्यासाठी वाचू नये. त्या बाईने स्वतःला विचारलेला प्रश्न आपापल्या घरात, चुलीपाशी बसून विचारावा.