पाइपातली वीज आणि नियामकाचा एकच प्रश्न

डोंगरावरच्या तलावातून शहरात पाणी येतं तेव्हा पाइपातलं प्रेशर नको तितकं वाढतं. ते मारायला व्हॉल्व्ह बसवतात. म्हणजे काय, तर ऊर्जा चक्क वाया घालवतात. व्हॉल्व्हच्या जागी टर्बाइन बसवलं तर तीच ऊर्जा वीज होते. सेकंदाला 100 लिटर पाणी, 100 मीटर उंची, असा हिशेब धरला तर सुमारे 80 किलोवॅट मिळतात. नवं धरण नाही, नदीला हात नाही.

अमेरिकेत 2013 पर्यंत एवढ्यासाठीसुद्धा फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशनकडे रीतसर अर्ज करून परवाना किंवा सूट घ्यावी लागे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये कायदा बदलला. पाइप किंवा कालवा केंद्र सरकारच्या मालकीचा नाही, तो मुख्यतः पाणीपुरवठ्यासाठी आहे आणि वीज 5 मेगावॅटपर्यंत आहे, तर परवाना नको. नुसती सूचना द्यायची. कमिशन 15 दिवसांत प्राथमिक मत देणार, मग 45 दिवस लोकांच्या हरकतींसाठी. तपासणी नव्या धोक्याच्या मापात हवी, हे यामागचं तत्त्व मला पूर्ण मान्य आहे.

माझी टीका पुढच्या पावलावर आहे. 2018 मध्ये मर्यादा 5 वरून 40 मेगावॅट झाली आणि हरकतींची मुदत 45 वरून 30 दिवसांवर आली. प्रकल्प आठपट, वेळ दोन तृतीयांश! आपलाच हिशेब पुढे न्या. त्याच 100 मीटर उंचीवर 40 मेगावॅट हवे असतील तर सेकंदाला सुमारे 50 हजार लिटर पाणी लागेल. हा काही गल्लीतला नळ नव्हे, ही वाहती नदीच झाली. एवढं पाणी वळवणारा कालवा आणि शहरातली जलवाहिनी एकाच रांगेत कशी बसवायची?

आणि हरकत तरी कशावर घ्यायची? प्रकल्प निकषांत बसतो की नाही, एवढ्यावरच. टर्बाइन अचानक बंद पडलं तर पाणी वळवायला बाजूची लाइन आहे का, विजेच्या कमाईसाठी कुणी जास्त पाणी ओढेल का, हे या प्रक्रियेत विचारताच येत नाही. बाकीचे कायदे लागू राहतात, हे खरं. पण सगळा भार ‘मुख्यतः’ या एका शब्दावर आहे, आणि तो शब्द सुरुवातीला एकदाच तपासला जातो. परवान्याला निदान मुदत असते. या निर्णयाला तीही नाही.

आपण हसण्याचं कारण नाही बरं का. आपल्याकडे 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेत 25 मेगावॅटखालचे जलविद्युत प्रकल्प पूर्वमंजुरीतून वगळले आहेत. तिथेही आकडा पाहिला जातो, पाण्याचं काय होणार ते नंतर.

उपाय अवघड नाही. अस्तित्वातल्या पाइपातल्या छोट्या टर्बाइनला सूचना पुरे. मोठ्या प्रकल्पाला मात्र लेखी अट हवी: आधी पाणी, मग वीज. आणि दर काही वर्षांनी पाण्याच्या नोंदी उघड करून ती अट पाळली का, ते तपासायला हवं. फाइल लवकर हलावी, जरूर हलावी. पण टंचाईच्या वर्षी टर्बाइन थांबवायचा अधिकार कुणाचा, हे त्या फाइलीत लिहिलेलं असलं पाहिजे.