दोस्ताने लिहिलेले चरित्र

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी इफ्तारचा कार्यक्रम होता. प्रमुख पाहुण्यांनी भाषणाच्या ओघात माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सभेला सांगितले, "हे आमचे मुस्लिम मित्र." टाळ्या झाल्या. माझे नाव सांगायचे मात्र राहून गेले. त्या माणसाच्या मनात खोट नव्हती, हे मी आजही मानतो. पण त्या रात्री घरी येऊन मी चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज यांचे 'जकाउल्ला ऑफ देहली' हे जुने इंग्रजी पुस्तक पुन्हा उघडले, ते या न सांगितलेल्या नावामुळेच.

आपल्याविषयी इतरांनी लिहिलेले पुष्कळ आहे. त्यातले निम्मे आपल्याला प्रश्न समजून लिहिलेले असते, उरलेले सलोख्याचा नमुना समजून. शिरखुर्म्यावर दर ईदला लेख येतात. शिरखुर्मा करणाऱ्या माणसावर फारसे येत नाहीत. अशा वेळी एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने एका मुसलमान म्हाताऱ्याचे, केवळ तो आपला दोस्त होता म्हणून, चरित्र लिहावे ही गोष्ट मुळातच लक्ष वेधून घेते. हे पुस्तक १९२९ साली केंब्रिजहून निघाले. २००३ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने मुशीरुल हसन आणि मार्ग्रिट पेर्नाऊ यांच्या प्रस्तावनांसह ते पुन्हा छापले. आपल्या चर्चेत मात्र ते यावे तितके आलेले नाही.

अँड्र्यूज १९०४ साली केंब्रिज मिशनतर्फे दिल्लीला आले आणि सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकवू लागले. तेव्हा त्यांचे वय तेहतीस होते. मौलवी जकाउल्ला १८३२ चे, म्हणजे सत्तरी ओलांडलेले. मोगल शाहजाद्यांना शिकवणाऱ्या घराण्यात जन्मलेले, जुन्या दिल्ली कॉलेजचे विद्यार्थी, गणिताचे शिक्षक, पुढे अलाहाबादच्या म्यूर सेंट्रल कॉलेजात प्राध्यापक आणि निवृत्तीनंतर पुन्हा आपल्या दिल्लीत. गणित, विज्ञान आणि इतिहास यांवर त्यांनी उर्दूत शंभराहून अधिक पुस्तके लिहिली किंवा अनुवादिली. हिंदुस्थानचा अनेक खंडांचा इतिहास लिहिला. सरकारने 'शम्सुल उलमा' आणि 'खानबहादूर' केले. १९१० साली ते वारले. म्हणजे ही दोस्ती फार तर सहा वर्षांची. एकाच्या उमेदवारीची आणि दुसऱ्याच्या मावळतीची.

या दोस्तीचे मोल कळायला थोडे मागे जावे लागते. त्या काळी पाद्री आणि मौलवी एकमेकांना भेटत ते मुनाजऱ्याच्या मैदानात. एप्रिल १८५४ मध्ये आग्र्याला पाद्री फान्डर आणि मौलाना रहमतुल्ला कैरानवी यांचा दोन दिवस जाहीर वाद झाला, तेव्हा जकाउल्ला बावीस वर्षांचे होते. त्याच्या दोन वर्षे आधी, १८५२ मध्ये, त्यांचे लाडके गुरू मास्टर रामचंद्र यांनी बाप्तिस्मा घेतला होता. हे रामचंद्र म्हणजे ज्यांचा गणितावरचा ग्रंथ ऑगस्टस डी मॉर्गनसारख्या गणितज्ञाने लंडनमध्ये पुन्हा छापवून घेतला तेच. बाप्तिस्म्याने दिल्लीत मोठी खळबळ उडाली. रामचंद्रांनी पुढे इस्लामवर टीका करणारे वादग्रंथही लिहिले. शागीर्दाने गुरूविषयीचे प्रेम सोडले नाही आणि आपला दीनही सोडला नाही. आपल्या आजच्या चर्चांमध्ये ही दोन वाक्ये एका माणसाविषयी एकत्र म्हणणे किती अवघड होऊन बसले आहे! एक तर प्रेम सोडा, नाही तर दीन सोडा, असाच सगळ्यांचा आग्रह.

म्हणजे अँड्र्यूज ज्या घरी जाऊन बसत, त्या घराला ख्रिस्ती माणसाचे कौतुकही नव्हते आणि भयही नव्हते. म्हाताऱ्याने आयुष्यभर सगळे पाहिले होते. शिकायचे होते ते पाद्र्यालाच. आणि तो शिकला, हे या पुस्तकाच्या पानापानावर दिसते.

पुस्तकाचा सर्वांत सरस भाग १८५७ पूर्वीच्या दिल्लीचा आहे. अँड्र्यूज यांनी तो दफ्तरांतून लिहिलेला नाही. जकाउल्ला आणि त्यांच्या पिढीच्या वृद्धांच्या आठवणी ऐकून लिहिला आहे. लाल किल्ल्यातल्या उतरत्या वैभवाच्या शेजारीच एका मदरशातून उभे राहिलेले दिल्ली कॉलेज, तिथे उर्दूतून शिकवले जाणारे बीजगणित आणि खगोल, तरुण पोरांना लागलेले नव्या विज्ञानाचे वेड. या सगळ्याला अँड्र्यूज प्रबोधन म्हणतात. बंगालचे आणि महाराष्ट्राचे प्रबोधन आपण शाळेत शिकलो. दिल्लीच्या मुसलमान पोरांनाही असे एक प्रबोधन लाभले होते आणि ते मायबोलीत चालले होते, ही गोष्ट आपल्याला कोणी सांगितली नाही. अँड्र्यूज सांगतात. ते इतिहासकाराच्या शिस्तीने सांगत नाहीत, मान्य. पण मांडी घालून ऐकणाऱ्याच्या कानाने सांगतात.

इथपर्यंत मी या पुस्तकाच्या बाजूने आहे. आता तक्रार.

दोस्ताच्या नजरेत माया असते आणि माया कधी कधी डोळ्यांवर येते. जकाउल्ला सत्तावन्नच्या आगीतून गेलेले. दिल्ली पुन्हा इंग्रजांच्या हाती गेल्यावर तिथल्या मुसलमानांना शहराबाहेर काढले गेले, किल्ल्याभोवतालची वस्ती जमीनदोस्त झाली, जामा मशीद १८६२ पर्यंत नमाजासाठी बंद राहिली. हे पाहिलेला माणूस पुढे राणी व्हिक्टोरियाचे उर्दू चरित्र लिहितो आणि राणीविषयी मनापासून आदर बाळगतो. का? भीतीने? व्यवहाराने? की इंग्रजी राज्य हेच आता आपल्या कौमचे उरलेले छप्पर आहे, असे सर सय्यद यांच्याप्रमाणे त्यांनाही वाटत होते म्हणून? कोणत्याही चरित्रकाराने इथे थांबायला हवे होते. अँड्र्यूज थांबत नाहीत. ती राजनिष्ठा त्यांना म्हाताऱ्याच्या सौजन्याचाच एक भाग वाटते. गंमत अशी, की हेच अँड्र्यूज पुढे जानेवारी १९१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गांधीजींना भेटताच सगळ्यांसमक्ष त्यांच्या पायांशी वाकले, फिजीच्या ऊसमळ्यांतल्या गिरमिटिया मजुरांसाठी लढले आणि त्यांना इंग्रजांचे शिव्याशापही मिळाले. साम्राज्याचा अन्याय त्यांना दिसत नव्हता असे नाही. दोस्ताच्या अंगावर उमटलेला त्याचा व्रण मात्र त्यांनी चाचपून पाहिला नाही. जुने दुःख उकरायचे नाही, हा दोस्तीतला अदब असतो. चरित्रात तोच उणेपणा ठरतो.

दुसरी गोष्ट आपण मराठी मुसलमानांनीच बोलायला हवी. या पुस्तकातली दिल्ली शरीफांची आहे. उस्ताद, हाफिज, हकीम, शाहजादे. तिथे पिंजारी नाही, भिश्ती नाही, तांबोळी नाही. आणि बाई तर जवळजवळ नाहीच. ज्या तहजीबचा अँड्र्यूज इतका गौरव करतात तिचे पाणी कोण भरत होते, हा प्रश्न त्यांना पडत नाही. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ओबीसी मुस्लिमांच्या चळवळीने हा प्रश्न उभा केला. त्यानंतर हे पुस्तक वाचणाऱ्याला ही उणीव बोचणारच.

तिसरा मुद्दा भाषेचा. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शिक्षण मायबोलीतूनच झाले पाहिजे, परक्या भाषेत शिकलेली विद्या अंगी लागत नाही, हे जकाउल्लांचे आयुष्यभराचे म्हणणे. अलीगढचा ओढा इंग्रजीकडे वळला तरी त्यांनी आपला हेका सोडला नाही. अँड्र्यूज यांनी हे फार आदराने टिपले आहे. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा 'मुसलमानाची भाषा उर्दूच' म्हणणाऱ्यांना आपण दुसरे काय सांगत होतो? कोकणातल्या मुसलमानाच्या घरात कोकणी-मराठी, सातारा-सांगलीकडे मराठी, मराठवाड्यात दखनी आणि मराठी यांची सरमिसळ. ज्या भाषेत आई रागावते त्या भाषेत लिहू द्या, एवढेच आपले म्हणणे होते. त्या अर्थाने दिल्लीचा हा उर्दूभक्त आपला वकील आहे.

पण इथेच एक पेच आहे. जकाउल्लांचे चिरंजीव इनायतुल्ला हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या दारुत-तर्जुम्याचे नाजिम झाले. बापाचे स्वप्न मुलाने खरे केले, असे म्हणता येईल. १९१८ साली सुरू झालेल्या या विद्यापीठात सगळे उच्च शिक्षण एका देशी भाषेत, उर्दूत, दिले जात होते आणि ही मोठीच कामगिरी होती. मात्र त्याच निजामी राज्यात मराठवाडा होता, तेलंगण होते, कन्नड मुलूख होता. औरंगाबाद किंवा परभणीहून तिथे शिकायला गेलेल्या मराठी पोराला उर्दू ही मायबोली नव्हतीच. जकाउल्लांच्याच कसोटीने ती त्याच्यासाठी परकी भाषा होती. एकाची मायबोली दुसऱ्यावर लादली गेली की तिची सरकारी बोली होते. १९३८ मध्ये उस्मानियाच्या विद्यार्थ्यांचे 'वंदे मातरम्' आंदोलन पेटले, त्याची कारणे अनेक होती. भाषेची ही कोंडी त्यांच्या मुळाशी असलेल्या असंतोषात होती, हे मराठवाड्याच्या माणसाला वेगळे सांगायला नको. अँड्र्यूज यांचे पुस्तक आले तेव्हा उस्मानिया अकरा वर्षांचे झाले होते. या प्रश्नाकडे त्यांचे लक्ष गेले असते तर जकाउल्लांचा विचार किती खोल आणि किती अपुरा होता, हे दोन्ही दिसले असते.

एवढे सगळे असून हे पुस्तक मी टाकून का देत नाही?

ते अँड्र्यूज यांच्या श्रद्धेमुळे. हा माणूस मिशनरी म्हणून आला होता. त्याचा येशूवर विश्वास होता आणि शेवटपर्यंत राहिला. १९३२ साली त्याने आपल्यावरच्या ख्रिस्ताच्या ऋणाविषयी स्वतंत्र पुस्तकच लिहिले. तरीही जकाउल्ला ख्रिस्ती झाले असते तर बरे झाले असते, असा सूर या चरित्रात कुठे नाही. समोरचा माणूस अल्लाहवर भरवसा ठेवून मरणाला सामोरा जातो आहे, हे तो जवळ बसून पाहतो आणि त्यात त्याला काही कमी दिसत नाही. सर्व धर्म सारखेच, असे सोपे म्हणून तो मोकळाही होत नाही. आपल्या श्रद्धेत पाय रोवून दुसऱ्याच्या श्रद्धेपुढे आदराने बसणे ही अवघड बैठक आहे. मला स्वतःला ती दर वेळी जमत नाही. १९०६ साली सेंट स्टीफन्सचे प्राचार्यपद इंग्रजाकडे न जाता सुशीलकुमार रुद्र या हिंदी ख्रिस्ती सहकाऱ्याकडे यावे, म्हणून अँड्र्यूज अडून बसले होते. आठ वर्षांनी त्यांनी मिशनही सोडले. या वाटेवर त्यांना रुद्रांनी नेले, तसेच जकाउल्लांनीही नेले, असे मला हे पुस्तक वाचून वाटते.

आणि १९२९ हे साल. जकाउल्ला जाऊन एकोणीस वर्षे झाली होती. दरम्यान दिल्लीतलाच अँड्र्यूज यांचा दुसरा जिवलग, स्वामी श्रद्धानंद, डिसेंबर १९२६ मध्ये एका मुसलमानाच्या गोळीने मारला गेला होता. हेच स्वामी १९१९ मध्ये जामा मशिदीतून लोकांशी बोलले होते. पुढे शुद्धी आणि तबलीग यांच्या ताणाताणीत सगळे विस्कटले. आपल्या मित्राला मुसलमानाने मारले, हे दुःख उराशी घेऊन तीन वर्षांच्या आत दुसऱ्या मित्राचे, एका मुसलमानाचे, चरित्र हा माणूस प्रसिद्ध करतो. प्रस्तावनाकारांनी आणि अभ्यासकांनी या पुस्तकाकडे दिल्लीच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहिले ते योग्यच. मला मात्र या दोन तारखा शेजारी ठेवल्याशिवाय ते वाचता येत नाही. त्या काळात असे पुस्तक छापणे ही नुसती आठवण नव्हती.

खिलाफतीच्या वेळी अँड्र्यूज यांचे गांधीजींशी मतभेद झाले होते, हेही सांगायला हवे. तुर्की साम्राज्याने अरबांवर राज्य करावे ही मागणी त्यांना पटली नव्हती आणि ते तसे बोलले. म्हणजे मुसलमानांना बरे वाटावे म्हणून लिहिणारा हा लेखक नव्हता. जकाउल्लांवरची माया खुशामत ठरत नाही ती त्यामुळे.

पुस्तकाच्या सुरुवातीला डेप्युटी नजीर अहमद यांनी लिहिलेल्या आठवणी आहेत. नजीर अहमद म्हणजे 'मिरात-उल-उरूस'चे कर्ते, जकाउल्लांचे दिल्ली कॉलेजपासूनचे सोबती. ते १९१२ सालीच गेले. छापील पुस्तक त्यांनी पाहिलेच नाही. अँड्र्यूज यांनी त्यांचे लिखाण जपून ठेवले आणि पुस्तक निघाले तेव्हा स्वतःच्या मजकुराच्या आधी छापले. सहा वर्षांच्या दोस्ताने जन्मभराच्या दोस्ताला आधी बोलू दिले. आणि मुखपृष्ठावर ना 'माझा मुस्लिम मित्र', ना 'एक थोर मुसलमान'. माणसाचे नाव आणि त्याचे गाव, एवढेच.