आरशापुढचा पांडुरंग

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून तिच्या नायकावर, पांडुरंग सांगवीकरावर, एक आरोप होत आला आहे : हा पोरगा आत्ममग्न आहे, स्वतःपलीकडे त्याला कोणी दिसत नाही.

आरोप वरवर पाहता खरा वाटतो. पांडुरंग खानदेशातून पुण्याच्या कॉलेजात येतो, होस्टेलात पुढारपण करतो, वडिलांचा पैसा उधळतो आणि शेवटी पदवीवाचून गावी परततो. सबंध कादंबरीभर बोलतो तोही ‘मी’च.

परंतु आत्मप्रौढी वेगळी आणि स्वाभिमान वेगळा. बुशमन व बाउमायस्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली कॉलेजातील मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. मुलांच्या निबंधांवर मुद्दाम वाईट शेरा दिला आणि मग शेरा देणाऱ्याला कर्कश आवाज ऐकवण्याची त्यांना मुभा दिली. जे आत्मप्रौढ होते, त्यांनीच सर्वांत अधिक सूड उगवला. नुसत्या स्वाभिमानाचा सूडाशी तसा संबंध दिसला नाही.

पांडुरंगाला या कसोटीवर लावून पाहावे. वाईट शेरा तो आपल्या हातानेच स्वतःवर मारून ठेवतो! त्याचे ते ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ प्रथम त्याच्याच मोठेपणातली हवा काढतात. आणि धाकटी बहीण मनी देवीने जाते, तेव्हा तो जसा उन्मळतो, तसा केवळ स्वतःवर भाळलेला माणूस उन्मळेल काय?

एक उणीव मात्र मला डाचते. वडिलांच्या रागामागचे कष्ट पांडुरंगाला क्वचितच दिसतात, आणि लेखकही ते आपल्याला दाखवण्याची निकड मानत नाही. औशाच्या शाळेत शिकवणाऱ्या माझ्यासारख्या मॅट्रिक मास्तराला हे जाणवणारच. इथली मुले लातूरला, पुण्याला जातात ती सोयाबीनच्या पैशावर. पहिला नंबर हाच मोठेपणा, असे आपण त्यांना घरीदारी शिकवतो. आणि तिथे कोणी त्यांच्याहून हुशार भेटला, की तो त्यांना शत्रू वाटू लागतो. हसून घेण्याची विद्या आपण त्यांना दिलेलीच नसते.

ती विद्या ‘कोसला’त आहे. कॉलेजात निघालेल्या मुलाच्या ट्रंकेत हे पुस्तक अवश्य ठेवावे. त्याआधी ते बापानेही वाचावे.